फोन आपणच लावायचा

(युवा अभ्यासवर्गात ऑनलाइन केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, परदेशातलं घर आणि तिथे येणारे फसवणुकीचे फोन. पलीकडे जरा शांतता पसरली. संविधान, शिक्षण, कौटुंबिक कायदा यांवर दिवसभर ऐकल्यावर ही बाई लाइटबिलावर काय बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. तुम्हालाही वाटत असेल. पण तुमच्यातले काही जण शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणार आहात, आणि जे जाणार नाहीत त्यांचा या विषयाशी दुसऱ्या बाजूने संबंध येऊ शकतो. ती बाजू शेवटी सांगते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला असते. कोकणी मुसलमानांना परदेश नवा नाही. जहाजावर गेलेले, आफ्रिकेत गेलेले, आखातात गेलेले लोक आपल्या घराघरात सापडतात. पण आखातात राहती जागा बहुधा कंपनीची. करार संपला की बॅग भरायची. इंग्लंडला गेलेला माणूस कर्ज काढून घर घेतो. त्या दिवसापासून वीज, गॅस, पाणी, कौन्सिल टॅक्स, बँकेचा हप्ता असं सगळं त्याच्या नावावर चढतं. यातलं कशाचं बिल कोण पाठवतं, थकलं तर काय होतं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. भामट्याचं सगळं भांडवल म्हणजे आपली ही अर्धवट माहिती. तुम्ही कंप्युटरमध्ये किती हुशार आहात याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. माझ्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे लोकही वीज कंपनीच्या नावाने आलेल्या मेसेजला घाबरलेले मी पाहिलेत.

घरात राहायला गेलं की दाराच्या फटीतून पत्रं पडायला लागतात. काहींवर आपलं नाव, काहींवर नुसतं 'द ऑक्युपायर', म्हणजे इथे राहणारा जो कोण असेल तो. आपल्या गावात महावितरणचं मीटर नावावर करून घेतलं की विषय संपतो. तिकडे तारा एका कंपनीच्या आणि बिल दुसरीचं. तारा, खांब, सबस्टेशन सांभाळणारी कंपनी त्या भागापुरती ठरलेली असते, ती आपल्याला बदलता येत नाही. वीज विकणाऱ्या कंपन्या मात्र अनेक, त्यांतली कुठलीही निवडता येते. तुम्ही घराचा ताबा घेता तेव्हा आधीच्या मालकाला वीज विकणारी कंपनी आपोआप तुमची होते. सही लागत नाही. याला मानीव करार म्हणतात. हे ज्याला माहीत नाही त्याला कुणीतरी फोन करून म्हणतो, 'तुमचं खातंच उघडलेलं नाही, तुम्ही बेकायदा वीज वापरताय, आत्ता कार्डाचा नंबर द्या.' नवा माणूस, नवा देश, त्यात व्हिसाची धाकधूक. बेकायदा हा शब्द कानावर पडला की पुढचं डोकं चालत नाही.

म्हणून किल्ली हातात आली की पहिलं काम म्हणजे विजेच्या आणि गॅसच्या मीटरचे फोटो काढणं. आकडा आणि मीटरचा नंबर दोन्ही दिसले पाहिजेत. जुन्या मालकाकडून किंवा एजंटाकडून कंपन्यांची नावं लिहून घ्या. ते विसरलात तरी बिघडत नाही, तुमच्या घराला वीज कोण विकतं हे तारांच्या कंपनीकडून कळतं. वीज गेली तर १०५ हा फुकट नंबर आहे, तो त्याच तारांच्या कंपनीला लागतो.

आता धमक्यांकडे येऊ. 'आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर पाणी तोडू.' इंग्लंड-वेल्समध्ये राहत्या घराचं पाणी बिल थकलं म्हणून तोडताच येत नाही. १९९९ च्या जलउद्योग कायद्याने ते बंद केलंय. कंपनी वसुलीसाठी कोर्टात जाईल, पत्रांवर पत्रं पाठवेल, पण नळ बंद करणार नाही. एवढी एकच ओळ माहीत असेल तर त्या फोनवर हसू येतं. विजेचं आणि गॅसचं तसं नाही, ते तोडता येतात. पण त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, हप्ते बांधून देण्याची तयारी दाखवावी लागते, आणि तुमच्या परवानगीशिवाय घरात शिरायचं तर कोर्टाचं वॉरंट लागतं. गॅसगळतीसारखी आणीबाणी तेवढी वेगळी. दोन तासांत तोडणारा माणूस हा वीज कंपनीचा नसतो.

हा प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रात मोबाईलवर मेसेज फिरत होते, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा. फोन केला की तो एक ॲप घ्यायला सांगायचा आणि तुमच्या मोबाईलचा पडदा त्याला तिकडे बसून दिसायचा. वैयक्तिक नंबरवरून आम्ही असे मेसेज पाठवत नाही, हे महावितरणला वारंवार जाहीर करावं लागलं. नाटक तेच आहे. तिकडे फक्त इंग्रजीत होतं आणि रक्कम पौंडात असते.

कौन्सिल टॅक्समध्ये भीतीच्या जागी लालूच असते. हा आपल्या घरपट्टीसारखा कर. इंग्लंडमध्ये घराचा गट १९९१ सालच्या किमतीवरून ठरलेला आहे, अजूनही. त्यामुळे काही घरं खरोखरच चुकीच्या गटात आहेत, आणि म्हणूनच 'तुम्ही जास्त कर भरलाय, परतावा देतो, बँकेचा तपशील सांगा' हा फोन पटतो. खऱ्या गोष्टीला चिकटवलेलं खोटं ओळखायला सगळ्यात अवघड. गट बदलून मागण्याचा अर्ज सरकारी मूल्यांकन कार्यालयाकडे फुकट करता येतो. त्यासाठी मध्ये कुणी लागत नाही.

दारावर मीटर बघायला येणाऱ्याचं ओळखपत्र मागा, दार लावून घ्या आणि बिलावरच्या नंबरला फोन करून खात्री करा. आपल्याकडे पाहुण्याला दारात उभं ठेवणं असभ्य वाटतं. तिकडे खरा कर्मचारी निमूट उभा राहतो, त्याला सवय असते. वृद्ध किंवा आजारी माणसांना कंपनीच्या विशेष यादीत नाव घालून एक परवलीचा शब्द ठरवता येतो. येणाऱ्याने तो सांगितला तरच दार उघडायचं.

बँकेच्या फोनबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मोठ्या रकमा तिथेच जातात.

आमच्या गल्लीत एक खाला राहतात. मूळच्या दापोलीकडच्या, इंग्लंडमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या. खालूजान वारल्यावर एकट्याच असतात. एका दुपारी त्यांना बँकेच्या फसवणूक विभागातून म्हणून फोन आला. पडद्यावर बँकेचाच नंबर. बोलणारा आधी इंग्रजीत बोलला, नाव ऐकल्यावर उर्दूत आला, आणि दुसऱ्या मिनिटाला खालाजान म्हणायला लागला. 'तुमच्या खात्यातून कुणीतरी पैसे काढायचा प्रयत्न करतंय. शाखेतलाच माणूस सामील असल्याचा संशय आहे, म्हणून शाखेत बोलू नका. सगळे पैसे एका सुरक्षित खात्यात हलवा, उद्या परत येतील.' खालांनी चष्मा शोधला, बँकेचं कार्ड काढलं. मग म्हणाल्या, 'असरची वेळ झाली, नमाज पढून बोलते.' तो म्हणाला, 'फोन ठेवू नका, मुसल्ल्याच्या बाजूला तसाच चालू राहू द्या.'

खालांना ते खटकलं. 'बँकेला माझ्या नमाजपेक्षा घाई कसली?' असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, नमाज पढल्या आणि मग आमचं दार वाजवलं. आम्ही माझ्या फोनवरून १५९ लावला. त्यांच्या बँकेने सांगितलं, आम्ही फोन केलेलाच नाही.

हा १५९ नीट लक्षात ठेवा. २०२१ मध्ये सुरू झालेली ही सोय आहे. १५९ लावायचा, आपली बँक सांगायची, तो तिच्या खऱ्या विभागाला जोडून देतो. तिथल्या बहुतेक मोठ्या बँका त्यात आहेत. आणि १५९ वरून तुम्हाला कधीही फोन येत नाही, आलाच तर तो खोटा.

पडद्यावर बँकेचा नंबर दिसला तो कसा, हे माझ्या धंद्याशी जवळचं आहे, म्हणून सांगते. फोनवर दिसणारा नंबर हा पाकिटाच्या मागे लिहिलेल्या 'प्रेषक'सारखा असतो. पाठवणारा जे लिहील ते. इंटरनेटवरून फोन करणाऱ्याला तिथे हवा तो आकडा टाकता येतो, आणि वाटेतल्या कंपन्यांनी तो अडवला नाही तर तुमच्या फोनने जतन केलेलं नाव समोर येतं. मेसेजचंही तेच. खोटा मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजांच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून फोन कुणाचा आला यावर मी विचारच करत नाही. फोन कुणी लावला, एवढंच बघते. त्यांनी लावला असेल तर ठेवायचा, कार्डाच्या मागचा नंबर किंवा १५९ घ्यायचा आणि आपण लावायचा. लँडलाइन असेल तर दुसऱ्या फोनवरून, कारण समोरच्याने लाइन धरून ठेवण्याची युक्तीही वापरली गेलीय. संशयास्पद मेसेज ७७२६ वर पुढे पाठवता येतात. कीपॅडवर ती 'स्पॅम'ची अक्षरं आहेत.

सुरक्षित खातं नावाची गोष्ट जगातल्या कुठल्याही बँकेत नसते. खातं धोक्यात असेल तर बँक ते जागच्या जागी गोठवते. तिला तुमच्या हातून पैसे हलवून घ्यावे लागत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२० पासून पैसे पाठवताना खातेदाराचं नाव जुळतं का हे बँक दाखवते. नाव जुळत नाही असा इशारा आला आणि फोनवरचा म्हणाला, 'ते तसंच येतं, पुढे जा,' तर तिथेच थांबायचं.

घर घेतानाचा सगळ्यात नाजूक दिवस म्हणजे वकिलाला पैसे पाठवण्याचा. आयुष्याची बचत एका बटणावर असते. चोर वकिलाचा किंवा तुमचा ईमेल आधीच फोडून आठवडेच्या आठवडे गप्प वाचत बसलेला असतो. नेमक्या त्या दिवशी मेल येते, आमचं खातं बदललंय, या नव्या खात्यात पाठवा. भाषा तीच, फाइलचा क्रमांक बरोबर, खालची सहीसुद्धा बरोबर. पहिल्या भेटीत वकिलाच्या ऑफिसात बसून खातं आणि फोन नंबर कागदावर घ्यायचा. पैसे पाठवण्याआधी त्याच नंबरला फोन करून आकडे वाचून दाखवायचे. मग १ पौंड पाठवायचा, पोचला का विचारायचं, आणि मगच बाकीचे. आम्ही तसंच केलं. वकीलबाई वैतागल्या नाहीत, उलट म्हणाल्या, सगळ्यांनी असंच करायला पाहिजे.

घर घेऊन झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि आपल्या लोकांना तिची खास गरज आहे. आपण लग्नाला, सुट्टीला, अम्मी-अब्बांच्या आजारपणाला गावी येतो आणि दोन-तीन महिने राहतो. घर बंद असतं किंवा भाड्याने दिलेलं असतं. २०२१ मध्ये ल्युटन शहरात एक पाद्री कामासाठी वेल्समध्ये राहत होते. त्यांच्या घरात दिवे दिसतात असा शेजाऱ्यांचा फोन आला. जाऊन बघतात तर आतलं सामान गायब, काम चाललेलं, आणि घर विकलं गेलेलं. कुणीतरी त्यांची खोटी ओळख दाखवून, त्यांच्या नावाने खातं उघडून व्यवहार उरकला होता. तिथल्या भूमी नोंदणी कार्यालयाची 'प्रॉपर्टी अलर्ट' नावाची फुकट सोय आहे. १० मालमत्तांपर्यंत नोंदवता येतात आणि त्यांच्या नोंदीत कुणी काही हालचाल केली की ईमेल येतो. तो व्यवहार अडवत नाही, फक्त कळवतो. पण वेळेवर कळणं हेच मोठं आहे. त्याच कार्यालयात मालकाचे तीन पत्ते देता येतात, त्यात ईमेल आणि परदेशातला पत्ताही चालतो. गावचा पत्ता द्या. बंद घराच्या फटीतून पडलेली नोटीस वाचायला तिथे कोण आहे?

इतकं करूनही पैसे गेले तर? इथे इंग्लंडचा कायदा आपल्यापेक्षा ग्राहकाच्या बाजूने बराच पुढे आहे. तुमच्या नकळत कुणी पैसे काढले असतील तर बँकेला ते साधारणपणे लगेच परत करावे लागतात. तुम्हाला फसवून तुमच्याच हाताने पाठवायला लावले असतील, तर पूर्वी बँका हात वर करायच्या. ७ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देणं बंधनकारक झालंय. एरवी ५ कामाच्या दिवसांत, चौकशी लागली तर थोडी उशिरा. पाठवणारी आणि घेणारी अशा दोन्ही बँका भार निम्मा-निम्मा उचलतात. १०० पौंडांपर्यंत बँक कापू शकते. शेवटच्या व्यवहारापासून १३ महिन्यांच्या आत दावा करायचा. बँकेने नकार दिला तर लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. मात्र ही भरपाई देशातल्या देशात पाठवलेल्या पैशांनाच आहे. तुम्ही तिकडून भारतातल्या खात्यात पाठवलेले पैसे तिच्यात येत नाहीत. 'गावच्या जमिनीचं प्रकरण मिटवायचंय, तातडीने पाठव' असा निरोप कितीही ओळखीच्या नावाने आला तरी म्हणूनच आधी आपण फोन लावून विचारायचं. भारतात पैसे गेले तर १९३० वर ताबडतोब तक्रार. आणि 'डिजिटल अरेस्ट' असा कुठलाही प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा समोर बसवून सांगा.

हे सगळे हक्क कागदावर राहतात ते एका कारणाने. लोक सांगत नाहीत. लोक काय म्हणतील, इतका शिकलेला मुलगा फसला, बायकोला काय तोंड दाखवू. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी आठ महिने घरी कळू दिलं नव्हतं. आपल्या समाजात इज्जतीचं ओझं जरा जास्तच, आणि पोलिसांशी संबंध नको ही भीती तिच्या जोडीला. चोराला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून 'कुणाला सांगू नका' हे वाक्य त्याच्या संहितेत ठरलेलं असतं. घरात कुणी फसलं तर पहिल्या तासात बोलणी खाऊ घालू नका. त्या तासात बँकेला फोन लावायचा असतो.

आता ती दुसरी बाजू.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या आयकर खात्याच्या नावाने धमकीचे फोन जात होते. शेकडो तरुण-तरुणींची चौकशी झाली. कॉलेजातली, नुकती पास झालेली पोरं, इंग्रजी उच्चार शिकवलेली, हातात लिहून दिलेला कागद. मीरा रोड आपल्यातल्या अनेकांचं घर आहे. खालाजान म्हणणारा तो मुलगा कुठे बसला होता मला माहीत नाही, पण त्याची उर्दू चांगली होती आणि त्यालाही कुणीतरी खाला असणारच. अशी नोकरी समोर आली, पगार बरा, काम फक्त फोनवर बोलण्याचं, तर कंपनी काय विकते हे मुलाखतीतच विचारा. त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर उठून या.

याहून सोपं आमिष म्हणजे खातं भाड्याने देणं. इंग्लंडमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांना हे हमखास विचारलं जातं. 'तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, शंभर पौंड तुझे.' विचारणारा बहुधा आपलाच असतो, एकाच फ्लॅटमधला, एकाच जिल्ह्यातला. ते पैसे कुठल्यातरी खालांचे असतात. पकडलं गेलं की खातं बंद होतं आणि नाव फसवणूकविरोधी नोंदवहीत ६ वर्षांपर्यंत राहतं. त्या काळात नवं खातं, कर्ज, मोबाईलचा करार, काहीच धड मिळत नाही. घराचं तर नावच नको. मनी लाँडरिंगचा गुन्हा सिद्ध झाला तर १४ वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. 'मला माहीत नव्हतं' हे एका हद्दीपर्यंतच ऐकलं जातं.

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या भावाने, मित्राने, इथे किंवा तिकडे, आधीच खातं दिलेलं असेल, तर पुढचा हप्ता यायची वाट बघू नका. आलेले पैसे पुढे पाठवू नका, खर्चू नका, त्या माणसाला परतही करू नका. बँकेला आपण फोन लावा, सगळं सांगा, मेसेज पुसू नका. एकट्याने जमत नसेल तर मंडळाच्या कार्यकर्त्यांपैकी कुणालाही सांगा, वकील शोधायला ते मदत करतील.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत कुणीतरी मघापासून हात वर केलाय.